खेळातलं खेळात

एखाद्या शाळेतून आत्याला बोलावणं आलं की एक प्रश्न ठरलेला असायचा. पहिल्या बाकावरचं एखादं चुणचुणीत पोर उभं राहायचं आणि विचारायचं, "तुम्हाला हे सगळं सुचतं कसं?" आत्या चष्मा काढायची, पुसायची, परत घालायची आणि सांगायची, "सकाळी फिरायला जाते ना, तेव्हा सुचतं." शुद्ध थाप! आत्या सकाळी घराबाहेर पडत असेल तर ती दूध आणायला. तिला जे काही सुचलं ते खरकट्या भांड्यांपाशी, कोपरापर्यंत साबण असताना. आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त सुचलं होतं ते तिला नव्हतंच मुळी.

दिवसा ती पार्सलच्या कचेरीत खिडकीमागे बसायची. वजन करायचं, पावती फाडायची, शिक्का मारायचा, पुढच्याला हाक मारायची. लग्न केलं नव्हतं, भावाकडे राहायची. भाऊ तिला 'लेखिकाबाई' म्हणायचा, त्यात कौतुक आणि चिडवणं समसमान असायचं. स्वयंपाक वहिनीकडे आणि जेवणानंतरची भांडी आत्याकडे, अशी घरातली वाटणी होती. भांडी पुसायला भाची. या भाचीचं खरं नाव घरात कुणाच्या तोंडी नव्हतं, तिला सगळे 'रेडिओ' म्हणत. सकाळी डोळे उघडले की पोरगी सुरू व्हायची ती झोप लागेपर्यंत, आणि मध्ये बातम्यांनाही थांबायची नाही.

खेळ असा होता. भांडी घासता घासता आत्या सगळं गाव व्हायची, म्हणजे मालक, पहारेकरी, मास्तर, वाटेतलं कुत्रं, जे लागेल ते. आणि रेडिओ व्हायची टाचणी. टाचणी म्हणजे पंधरा वर्षांची, चणीनं बारकी आणि जिभेनं टोकदार मुलगी. ती राहायची त्या शहरात कायदा होता की पंधरावं लागलं की प्रत्येकानं आपली एक आठवण सरकारी गोदामात जमा करायची. टाचणीनं साफ नकार दिला. इथवर आत्याची करामत. पुढे आत्या फक्त पेच टाकायची.

"टाचणी, गोदामाला कुलूप आहे, पहारेकरी जागा झालाय आणि तुला शिंक येतेय. काय करशील?"

रेडिओ ताट पुसता पुसता म्हणायची, "शिंकेन की! आणि त्यालाच झापेन, 'काका, केवढी धूळ ही, तुम्ही झाडता तरी कधी?' माणूस आधी स्वतःची लाज झाकतो, मग चोर धरतो."

आत्या हसून हसून ओट्याला टेकायची. मग हात पुसून खोलीत जायची, लॅपटॉप उघडायची आणि ते वाक्य जसंच्या तसं टाइप करायची. काना-मात्रेचा फरक नाही.

या खेळाला एक नियमही होता. रेडिओ तेरा वर्षांची असताना एकदा टाचणी होऊन बोलता बोलता म्हणाली, "आईला माझ्यापेक्षा माझे मार्क आवडतात. मार्क एकटे घरी येऊ शकले असते तर मला यायची गरजच नव्हती." नेमकी वहिनी मागं पाण्याचा तांब्या घ्यायला आलेली. मग काय विचारता! घरात बरेच दिवस भांड्याला भांडं लागत राहिलं. शेवटी रेडिओनंच आत्याला बजावलं, "खेळातलं खेळात. तिथं टाचणी काय वाट्टेल ते बोलेल. त्याबद्दल नंतर मला विचारायचं नाही. आईनं नाही, बाबांनी नाही, तूसुद्धा नाही. शपथ?" आत्यानं साबणाचा हात तिच्या हातावर मारला आणि म्हणाली, "शपथ." आणि पाळलीसुद्धा. म्हणून तर पोरगी टाचणीच्या तोंडून असं काही बोलायची की ऐकणाऱ्यानं गप्प व्हावं.

टाचणीच्या कादंबरीचा पहिला भाग निघाला. मुलांनी तो वर्गात बाकाखाली धरून वाचला. कुमारांसाठी लिहिणाऱ्याला याहून मोठा मान नाही. दुसरा भाग निघाला आणि पत्रं यायला लागली. सगळ्यांना टाचणीची वाक्यं पाठ. आत्याचं नाव मुखपृष्ठावर होतं आणि आत 'आमच्या रेडिओस' अशी एवढीशी अर्पणपत्रिका. रेडिओ ती बघून फुटली होती हसून. "लोकांना वाटेल तू घरातल्या ट्रान्झिस्टरला अर्पण केलंयस!"

तिसरा, म्हणजे शेवटचा भाग जाहीर झाला आणि रेडिओ कॉलेजात गेली. चांगलं नावाजलेलं कॉलेज, अवघड अभ्यासक्रम. भाऊ महिनाभर भेटेल त्याला सांगत सुटला होता. आणि मग हळूहळू रेडिओ बंद पडत गेली. आधी जेवताना बोलेनाशी झाली, मग जेवण उरकून सरळ खोलीत जायला लागली. विचारलं तर "बरं आहे" म्हणायची. भाऊ म्हणाला, "अभ्यास असतो आता, पोरखेळ संपले." वहिनी म्हणाली, "मोठी झाली, आता कुठं शोभते." बडबडीला कंटाळलेल्या घराला शांतता कोण गोड लागली!

आत्या मात्र उघडी पडली. ती एकटीच भांडी घासायची, एकटीच पेच टाकायची, आणि उत्तर यायचं नाही. तरी नेटानं तिनं पाच प्रकरणं लिहून प्रकाशनाकडे पाठवली. संपादिकाबाईंचा फोन आला. बाई हुशार होत्या आणि गोड बोलण्याचा त्यांना कंटाळा होता.

"ताई, रागावू नका. ही टाचणी नाही. ही टाचणीची मुख्याध्यापिका आहे."

आत्यानं परत लिहिलं. परत. प्रत्येक वेळी टाचणी तोंड उघडायची आणि सुविचार बाहेर पडायचा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आयुष्यभर पावत्या फाडून चाळिशी उलटताना या बाईला एक गोष्ट मिळाली होती जी तिची स्वतःची होती, आणि आता तिला कळलं की ती तिची नव्हतीच. तिला सगळं शहर रचता यायचं, मुलगी तेवढी येत नव्हती. प्रकाशनानं सांगितलं की या वर्षात शेवटचा भाग आला नाही तर मालिका आहे तिथंच सोडून देऊ. आत्या कचेरीत खिडकीमागे बसून पार्सलांवर चुकीचे शिक्के मारायला लागली.

एका रविवारी तिनं रेडिओच्या खोलीचं दार ढकललं. पोरगी पलंगावर पडून छताकडे बघत होती.

"रेडिओ, एकदाच ये ना गं भांडी पुसायला. पुढं हलतच नाहीये. तुझ्याशिवाय टाचणी म्हणजे नुसती टाचणीची डबी झालीय."

रेडिओ हसली नाही. छताकडे बघतच म्हणाली, "नियम तोच का?"

"तोच. खेळातलं खेळात."

ती उठली आणि फडकं घेऊन ओट्यापाशी येऊन उभी राहिली. आत्याला देव पावल्यासारखं झालं.

"टाचणी," आत्या म्हणाली, "सकाळ झालीय. शाळेची घंटा वाजतेय. तू कुठं आहेस?"

"बसस्थानकावर."

"का गं? शाळेत का नाही?"

"मी शाळेत जातच नाही आता," टाचणी म्हणाली. "सकाळी डबा घेऊन निघते. शेवटच्या फलाटावर, नळाच्या मागं एक बाक आहे. तिथं बसते. बस येतात, जातात. संध्याकाळी परत येते. डबा तिथल्या कुत्रीला घालते, म्हणजे घरी रिकामा दिसतो."

"घरी कुणी विचारत नाही?"

"विचारतात की. 'बरं आहे' म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. 'बरं आहे' ही कडी आहे. आतून लावायची."

आत्याच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. असं वाक्य तिला सात जन्मांत सुचलं नसतं. तिनं हात पुसले आणि जवळजवळ धावतच खोलीत गेली.

त्यानंतर रोज खेळ रंगू लागला. रंगला म्हणजे आत्याच्या लेखी. टाचणी सांगायची की शाळेत तिला काही समजेनासं झालंय, एक धडा सुटला, मग त्याच्यावरचा, आणि आता सगळे कुठल्या तरी मजल्यावर आहेत आणि ती जिन्यात. मैत्रिणी आधी हाका मारायच्या, मग हाका मारायचं विसरल्या. रात्री झोप येत नाही आणि सकाळी उठावंसं वाटत नाही. आत्या 'मग?' म्हणायची. 'आणि मग?' म्हणायची. तिला गोष्टीत हे सगळं ऐकणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून तिनं गोदामाची एक पहारेकरीण घातली. मायाळू बाई. रोज संध्याकाळी टाचणी तिच्यापाशी येऊन बसते, बोलते आणि जाते. प्रकरणामागून प्रकरण झालं. वहिनी दारातून डोकावून म्हणाली, "जमलं वाटतं आत्या-भाचीचं परत! बरं झालं बाई, पोरगी तोंड तरी उघडायला लागली." सगळं घर सुखावलं.

एकदा मात्र आत्या अडखळली, हे सांगायला हवं. तिनं विचारलं होतं, "टाचणी, शेवट जवळ आलाय. तुला काय हवं आहे?" गोदाम फोडायचंय, सगळ्यांच्या आठवणी परत हव्यात, असलं काहीतरी येईल या आशेनं.

रेडिओ एक वाटी पुसत होती. कोरडी झाली तरी पुसतच होती. "मला पुढचा भाग नकोय," ती म्हणाली. "पुस्तकात शेवटच्या पानानंतर एक कोरं पान असतं ना? त्याच्यावर काही व्हायचं नसतं. मला तसं हवंय."

आत्यानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. तिनं भाचीकडे पाहिलं. गाल बसले होते, डोळ्यांखाली काळं झालं होतं. 'तू बरी आहेस ना गं?' हे शब्द अगदी ओठांवर आले. पण शपथ होती, खेळातलं खेळात. असं तिनं स्वतःला सांगितलं. आणि खरं सांगायचं तर शपथ दुय्यम होती. आत्याला भीती होती की आपण विचारलं तर पोरगी फडकं ठेवून निघून जाईल, आणि शेवटची तीन प्रकरणं राहिली होती. माणूस डोळ्यांवर कातडं ओढतो ते कुणी त्याचे हात धरून ओढायला लावत नाही. तिनं पातेलं विसळलं, खोलीत गेली आणि कोऱ्या पानाचं वाक्य लिहिलं. ते लिहून झाल्यावर तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. आनंदच होता तो, दुसरं काही नाही.

हस्तलिखित गेलं. आठवड्याभरात, भर दुपारी, कचेरीत गर्दी असताना संपादिकाबाईंचा फोन आला. आत्यानं खिडकीवर 'जरा थांबा' अशी खूण केली आणि मागच्या खोलीत गेली.

"ताई, काय लिहिलंय हो तुम्ही! मी दोनदा रडले. ही टाचणी पहिल्या दोन्ही भागांच्या वरची आहे. इतकी खरी मुलगी मी आजवर वाचली नाही."

आत्या भिंतीला टेकली. "आवडलं म्हणता?"

"आवडलं म्हणजे! फक्त एक गोष्ट खटकली, ती बदलावी लागेल. तुमची ती पहारेकरीण. ती पटत नाही."

"का बरं? चांगली आहे की बिचारी."

"तेच तर! इतकी मायाळू बाई, रोज पोरीचं सगळं ऐकते. पोरगी सरळ सरळ सांगतेय की मला जगायचं नाही. अजून कसं सांगायचं असतं? आणि ही बाई 'मग?' म्हणते? उठून तिचा हात धरत नाही, तिच्या घरी जात नाही, काहीच नाही? असं कोण असतं हो, ताई? वाचणारी मुलं पुस्तक भिंतीवर फेकून मारतील."

 बाई पुढे बरंच बोलत होत्या, एक-दोन प्रसंग वाढवा, बाईला थोडी धावपळ करू द्या, असं काहीतरी. आत्याला फक्त एवढंच ऐकू येत होतं की 'मग?' हा तिचा शब्द आहे. तो तिनं टाइप केला होता कारण ती तो म्हणाली होती. पहारेकरणीची सगळी वाक्यं तिची स्वतःची होती.

तिनं घरी फोन लावला. वहिनी म्हणाली, "कॉलेजला गेलीय की. डबा घेऊन गेली. का गं?" रेडिओचा फोन बंद होता. आत्यानं पर्स उचलली आणि रांगेतल्या लोकांच्या अंगावरून बाहेर पडली. साहेबानं मागून हाक मारली, ती तिला ऐकूही आली नाही.

बसस्थानक कचेरीपासून हाकेच्या अंतरावर होतं. आत्या कित्येक वर्षं रोज त्याच्यावरून जात होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळसा हरवला तर माणूस निदान शोधतो तरी. ती शेवटच्या फलाटावर गेली. नळ होता. नळाच्या मागं बाक होता. बाकाखाली एक पिवळी कुत्री झोपलेली होती. आत्याची चाहूल लागताच ती उठली आणि डब्याच्या आशेनं तिच्या हाताकडे बघायला लागली. यातलं काही म्हणजे काही रचलेलं नव्हतं. प्रकरणांतून उचलून आणून कुणी इथं मांडून ठेवावं तसं सगळं जागच्या जागी होतं, आणि बाक रिकामा होता.

ती तिथं उभी असतानाच भावाचा फोन आला. त्याला धड बोलता येत नव्हतं. पोरीनं जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला होता. कुणीतरी वेळेवर पाहिलं, दवाखान्यात नेलंय, श्वास चालू आहे.

रेडिओ वाचली. डॉक्टर म्हणाले की जिवाचा धोका टळला, मनाचं काम लांबचं आहे, घाई करू नका. कॉलेजातून कळलं की पोरगी कित्येक महिने वर्गात आलेली नाही, घरी पत्र धाडलं होतं, ते कुणाच्या हाती लागलं कोण जाणे. भाऊ बाहेरच्या बाकावर दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. त्याचं नावाजलेलं कॉलेज त्याच्या तोंडून परत कधी निघालं नाही.

वहिनी पलंगाशेजारी उभी होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. तिनं आत्याचा हात धरला. "तुझ्याशीच काय ती बोलायची. तुला काही म्हणाली होती का गं? कधी काही सुचवलं? मला सांग, मी रागावणार नाही."

आत्यानं मान हलवली. नाही म्हणून.

एवढं मोठं खोटं ती उभ्या जन्मात बोलली नव्हती, आणि त्याला एक शब्दही लागला नाही. वहिनीनं विश्वास ठेवला. तिनं आत्याच्याच खांद्यावर डोकं ठेवलं, आणि आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या वेळी जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं आत्याला वाटलं. पण जमिनीला तेवढंच काम नसतं.

नंतर डॉक्टरांनी भावाला आणि वहिनीला आपल्या खोलीत बोलावलं. खोलीत आत्या आणि रेडिओ दोघीच उरल्या. रेडिओ जागी होती. उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत होती, हाताला सुई होती, केस कुणीतरी घाईघाईनं मागं बांधले होते. ती फार लहान दिसत होती. आत्या स्टूल ओढून बसली.  इतकी वर्षं या पोरीला तिनं हजार प्रश्न विचारले होते, आणि सगळे टाचणीला विचारले होते.

"रेडिओ," ती शेवटी म्हणाली. "हा खेळ नाही. नियम-बियम काही नाही. मी तुला विचारतेय. तुला. काय होतंय गं तुला?"

रेडिओनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर आत्याला सोसला असता.

"सांगितलं की सगळं," ती म्हणाली. घसा सुकला होता, आवाज फाटका येत होता.

"अगं, पण मला वाटलं टाचणी..."

"मला तसंच सांगता येत होतं, आत्या. दुसरं कसं सांगू? आणि तू रोज लिहून घेत होतीस ना. मला वाटलं, लिहून घेतेयस म्हणजे तुला कळतंय." तिनं मान परत छताकडे वळवली. "भांडी झाली तरी मी तिथंच उभी असायचे. तू आत टाइप करायचीस, तो आवाज ऐकत. आवाज थांबला की वाटायचं, आता येशील."